माईंच्या वारसांची यादी

अपील तीस दिवसांत दाखल करायचं होतं, आणि ज्यांच्याविरुद्ध करायचं त्या माई पारसनीस निकालानंतर अकराव्या दिवशी वारल्या. भय्यासाहेब पोतनिसांपुढे दोन कामं एकदमच येऊन पडली. पहिलं, माईंना खांदा द्यायचा, कारण त्या त्यांच्या सासूबाई होत्या. दुसरं, आता भांडायचं कुणाशी हे वकिलाला विचारायचं, कारण त्या त्यांच्यावर दावा लावणाऱ्या वादीही होत्या.

पोतनीस आणि पारसनीस यांची घरं उज्जैनच्या कार्तिक चौकात एकमेकांच्या शेजारी होती. मध्ये पाच फुटांचा एक बोळ. दोन्ही घरांचे पूर्वज म्हणे शिंदेशाहीत एकाच दप्तरात मांडीला मांडी लावून बसत. त्या जुन्या ओळखीवर पारसनिसांची थोरली अंबिका अठ्ठावन्न साली पोतनिसांच्या भय्यासाहेबांना दिली. सासर आणि माहेर यांत अंतर पाच फूट. बँडवाल्यांना वाजवायला रस्ताच पुरेना, म्हणून वरात देवास गेटपर्यंत नेऊन परत आणावी लागली, असं जुने लोक हसत हसत सांगायचे.

त्या बोळाच्या तोंडाशी ब्याण्णवच्या सिंहस्थात भय्यासाहेबांचा मुलगा आल्हाद याने एसटीडी-पीसीओचा बूथ टाकला. तो ज्या मिलच्या ऑफिसात होता ती बंद पडून दीड वर्ष झालं होतं. बूथ प्लायवूडचा, काचेच्या दाराचा, तीन फूट रुंद. आत एक फोन, एक स्टूल आणि लाल आकडे पळवणारं मीटर. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना सांगायला नको, की त्या काळी हा डबा म्हणजे केवढं वैभव होतं! सिंहस्थाला आलेले यात्रेकरू आत शिरून ‘पोहोचलो’ एवढं सांगायला तीन मिनिटं ओरडत, आणि बाहेर रांगेतले पंचवीस जण त्यांच्या घरची खुशाली कान देऊन ऐकत. कुणाला मुलगा झाला, कुणाची बदली झाली, सगळं कार्तिक चौकाला आधी कळायचं आणि मग नातेवाइकांना.

बोळ मात्र कागदोपत्री माईंच्या मालकीचा. बूथ उभा राहिल्यावर जायला-यायला उरले दोन फूट, आणि त्यातून माईंचा मुलगा विष्णू याची स्कूटर जाईना. रोज सकाळी बँकेत जाताना तो हँडल वाकडं करून, पोट आत घेऊन, ती कशीबशी बाहेर काढी. एक आरसा फुटला. महिन्याने दुसरा फुटला. तिसरा बसवण्याऐवजी विष्णूने माईंच्या नावाने दावा लावला.

तो दावा तीन वर्षं चालला. मौज अशी की पेशीच्या, म्हणजे कोर्टाच्या तारखेच्या, दिवशी विष्णूला बँकेतून सुट्टी मिळत नसे. मग माई बोळातून हाक मारत, “जावईबापू, तुम्ही कोठीवर चाललाच आहात ना? मग मला पण घेऊन चला, खामखा दोन टांगे कशाला!” आणि वादी आणि प्रतिवादी एकाच टांग्यातून कोठीवरच्या कचेरीत जात. वाटेत माई डब्यातला एक लाडू जावयाला देत, एक टांगेवाल्याला. साक्षीच्या दिवशी त्याच माई पिंजऱ्यात उभ्या राहून आपल्या मराठी हिंदीत न्यायाधीशांना म्हणाल्या, “साब, हमारे ‘ये’ इसी बोळ से गए। मेरे को भी यहीं से जाने का है। और बीच में ये डबा खड़ा है!” न्यायाधीशांना ‘बोळ’ कळला की नाही कोण जाणे, पण निकाल माईंच्या बाजूने लागला. चार महिन्यांत बूथ हटवा.

आणि अकराव्या दिवशी माई गेल्या. तिरडी बांधून झाली तेव्हा कुणीतरी बोळाकडे पाहिलं. बूथ आडवा होता. आल्हाद पुढे झाला, वायर काढली आणि एका बाजूने धरलं. दुसऱ्या बाजूने विष्णूने धरलं. आठ जणांनी उचलून तो डबा चौकात नेऊन ठेवला. तीन वर्षं कोर्टात जो हलेना तो माईंसाठी दहा मिनिटांत हलला, आणि माई त्यांना हव्या त्याच वाटेने गेल्या. त्या दिवशी भय्यासाहेब खरंच रडले. तेराव्यापर्यंत बूथ चौकातच उभा राहिला. चौदाव्या दिवशी आल्हादने तो पुन्हा जागेवर नेला, आणि विष्णूने पुन्हा तोंड फिरवलं.

आता अपील केल्यावाचून गत्यंतर नव्हतं. आल्हाद तीस वर्षांचा. महत्प्रयासाने त्याचं लग्न देवासच्या मृण्मयीशी ठरलं होतं, माघात मुहूर्त होता. मुलीचे वडील येऊन बूथची रांग बघून गेले होते आणि त्या रांगेवर खूश होऊनच त्यांनी होकार दिला होता. बूथ गेला तर आल्हादची भाकरी जाणार होती, आणि बहुधा बायकोही.

फ्रीगंजात नागर वकिलांचं ऑफिस होतं. माई गेल्याचं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

“भैयासाब, मरे हुए आदमी के खिलाफ अपील नहीं होती। अब उनके वारिसों के खिलाफ करनी पड़ेगी। और सब के सब चाहिए। एक भी छूटा, तो समझो अपील गई।”

“सब मतलब?”

“बेटे, बेटियाँ, सब। छप्पन के कानून के बाद बेटी भी बराबर की वारिस है। लिस्ट बना के लाओ। नाम, पति या बाप का नाम, उमर, पता। देखना, कोई छूटे नहीं।”

भय्यासाहेब दुखावले. “वकीलसाब, मैंने दो जनगणना की हैं।”

हे मात्र खरं होतं. शिक्षण खात्यात हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेल्या भय्यासाहेबांनी एकाहत्तर आणि एक्क्याऐंशी अशा दोन जनगणना केल्या होत्या. रामघाटावरच्या एका साधूने नाव सांगायला नकार दिला, तेव्हा ते तीन दिवस त्याच्या धुनीपाशी जाऊन बसले होते. शेवटी कंटाळून साधूने नाव, गाव, वय सगळं सांगितलं, वर चिलीमही पुढे केली. आपल्या वॉर्डात एक डोकं सुटलं नाही, हे भय्यासाहेब लग्नामुंजीत, बारशात आणि तेराव्यालाही सांगत. ज्याने अख्खा वॉर्ड मोजला त्याला सासूची मुलं मोजायला कितीसा वेळ लागणार!

घरी येऊन त्यांनी एक वही काढली. माई गेल्या तेव्हा गावोगावच्या नातेवाइकांना पत्रं घालायचं काम भांडण विसरून विष्णूने त्यांच्याकडेच दिलं होतं, कारण दोन्ही घरांत त्यांच्यासारखं अक्षर कुणाचं नव्हतं. भय्यासाहेबांनी एकूण चाळीस पोस्टकार्डं लिहिली, मृत्यूच्या पत्राच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाचा कोपरा फाडला आणि पेटीत टाकली. पण हेडक्लार्कच ते. कुणाकुणाला कार्ड गेलं त्याची यादी त्यांनी वहीत उतरवून ठेवली होती. आता त्याच यादीवर बोट फिरवत त्यांनी माईंची मुलं टिपली. नागपूरचा जयू. बडोद्याची सुलू. ग्वाल्हेरची नंदा. विष्णूला कार्ड गेलं नव्हतं, पण त्याला कोण विसरतं? तो तर झोपेतही आठवायचा. झाली चार नावं.

अंबिकाबाई समोर बसून गवारीच्या शेंगा मोडत होत्या. आई गेल्याला महिनाही झाला नव्हता. लेक दिल्या घरची म्हणून त्यांना सुतक तीन दिवसांचं, बोळापलीकडच्यांना दहा. चौथ्या दिवशी त्या स्वयंपाकाला लागल्या होत्या.

“झाली का यादी?” त्यांनी विचारलं.

“झाली. चार.”

“चारच?”

“चारच. विष्णू, जयू, सुलू, नंदा.”

अंबिकाबाईंनी एक शेंग मोडली. “नीट मोजलंत?”

“अगं, मोजलंय मी!” भय्यासाहेब जरा चिडलेच. “दोन जनगणना केलेला माणूस आहे हा.”

“बरं,” अंबिकाबाई म्हणाल्या, आणि शेंगा घेऊन आत गेल्या.

वयं आणि पत्ते मात्र पक्के हवे होते. रविवारी दर निम्मा असे, म्हणून भय्यासाहेब रविवारी बूथमध्ये शिरले. पहिला फोन बडोद्याला.

“सुलू, तुझं वय सांग. केस करतोय तुझ्यावर.”

“माझ्यावर?” सुलूचा आवाज काचेबाहेर ऐकू आला. “अय्या! खरंच का भाऊजी? मतलब नोटीस येईल? कोर्टाचा शिक्का मारलेली? आमच्या सोसायटीत अजून कुणाला नाही आली! तारीख कधीची आहे? येते ना मी, माईच्या नंतर यायचंच होतं ताईकडे.”

ग्वाल्हेरच्या नंदाने वय बेचाळीस सांगितलं.

“बेचाळीस कसं? माझ्या लग्नात तू अकरा वर्षांची होतीस. म्हणजे अठ्ठेचाळीस.”

“भाऊजी, कोर्टाचा कागद पोस्टमन वाचतो, शेजारी वाचतात. बेचाळीस लिहा, नाहीतर मी नोटीस घेणारच नाही!”

अर्धा मिनिट मीटर पळत राहिलं, बाहेर रांगेत कुणीतरी काच वाजवली आणि तडजोड पंचेचाळीसवर झाली. नागपूरच्या जयूने वय बरोबर सांगितलं, फक्त एकच विचारलं, “भाऊजी, त्या बोळात माझाही हिस्सा आहे? मला तर विष्णूदादा कधी बोललाच नाही.”

चार नावांचं अपील दाखल झालं. पेशीची तारीख पडली मार्गशीर्षात, आणि पेशीच्या आदल्या दिवशी केस झालेली सगळी मंडळी केस करणाऱ्याच्या घरी येऊन उतरली. कारण उज्जैनला उतरायचं म्हणजे ताईकडे, हे तीस-पस्तीस वर्षांचं ठरलेलं होतं, त्यात एका अपिलाने काय फरक पडणार? नंदा गजक घेऊन आली, सुलू हिरवा चिवडा, जयू संत्र्यांची करंडी. भय्यासाहेबांनी स्टेशनवर जाऊन एकेकाचं सामान उचललं. रात्रीची जेवणं त्यांच्याकडे झाली, सकाळचे पोहे विष्णूकडे. बायका बोळातून ये-जा करताना अंग चोरून बूथला वळसा घालत आणि प्रत्येक वेळी माईंची आठवण काढून डोळे पुसत. किती वर्षांनी सगळी भावंडं एकत्र आली होती! भय्यासाहेबांना तर वाटलं, अशी एखादी पेशी दरवर्षी असावी.

कोर्टात तीन टांगे गेले. नागर वकिलांनी उभं राहून अपील निकालात निघेपर्यंत बूथ तसाच राहू द्यावा, अशी विनंती केली. न्यायाधीश मान डोलावणार इतक्यात विष्णूचे वकील उठले. त्यांच्या चेहऱ्यावर हातात हुकमाचा एक्का असलेल्या माणसाचं हसू होतं.

“हुजूर, ये अपील चल ही नहीं सकती। मृतक के पाँच वारिस हैं। इन्होंने चार को पक्षकार बनाया है। जरूरी पक्षकार छोड़ दिया।”

“पाँचवाँ कौन?”

“सबसे बड़ी बेटी, अंबिकाबाई। बराबर की वारिस हैं, हुजूर। कानून में जितना हक बेटों का, उतना उनका।”

न्यायाधीशांनी तेवढं लिहून घेतलं. “ये अंबिकाबाई रहती कहाँ हैं? अपीलार्थी को पता नहीं मिला?”

वकिलांनी भय्यासाहेबांकडे बोट केलं. “हुजूर, इन्हीं के घर में रहती हैं। इनकी धर्मपत्नी हैं।”

कोर्टात हसू उसळलं. शिरस्तेदाराने तोंडावर फाइल धरली. सुलू आणि नंदा एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण त्यांनाही या घडीपर्यंत आठवलं नव्हतं. भय्यासाहेबांचे कान लाल झाले. रामघाटावरचा साधू सुटला नव्हता आणि सकाळी ज्या बाईने टोपी हातात दिली होती ती सुटली! विष्णू खिडकीबाहेर बघत होता. हा एक्का त्याने चार महिने खिशात ठेवला होता.

न्यायाधीश भला माणूस असावा. त्यांनी नाव जोडायला पंधरा दिवस दिले, पण बजावलं, “पंधरा दिन में नाम नहीं जुड़ा और नोटिस नहीं पहुँचा, तो अपील खारिज, और बूथ उसी दिन हटेगा।”

परतीच्या टांग्यात भय्यासाहेब बोटांवर पुन्हा पुन्हा पाच मोजत होते. घरी अंबिकाबाई पानं मांडत होत्या.

“अगं, तुझं नाव राहिलं,” ते दारातूनच म्हणाले.

“हो.”

“तुला माहीत होतं?”

“मी विचारलं होतं की. नीट मोजलंत का म्हणून.”

“मग सरळ सांगायचं नाही?”

अंबिकाबाईंनी हातातली वाटी पानात ठेवली. “आई माझी पण होती ना हो? चाळीस कार्डं लिहिलीत तुम्ही. सुलूला लिहिलंत, नंदाला लिहिलंत, पार इटारसीच्या आत्याबाईंना लिहिलंत. मला कुणी लिहायला नको होतं, कबूल, मी माईच्या उशाशीच होते. पण वारस मोजताना तरी मी आठवेन असं वाटलं होतं. मला बघायचं होतं, कधी आठवते ते. तर आठवलं कुणाला? समोरच्या वकिलाला!”

 भय्यासाहेबांना मनापासून वाईट वाटलं, पण तसं म्हणायची सवय नव्हती, म्हणून त्यांनी कागद-पेन काढलं.

“वय सांग.”

“जनगणनेत काय लिहिलं होतंत?”

भय्यासाहेब घुटमळले. “अंदाजे चाळीस.”

“दुसऱ्याच्या घरी तीन-तीन दिवस बसून वय काढलंत, आणि घरचं अंदाजे!” अंबिकाबाई म्हणाल्या. “सत्तावन्न लिहा. येत्या पौषात अठ्ठावन्न.”

नाव जोडलं गेलं. पेशीला दोनच दिवस उरले असताना कोर्टाचा चपरासी नोटीस घेऊन आला. भय्यासाहेबांनी सवयीप्रमाणे हात पुढे केला. आजवर या घरातलं प्रत्येक पाकीट त्यांनीच घेतलं होतं.

“आप नहीं ले सकते,” चपरासी म्हणाला. “आप तो सामने वाली पार्टी हैं।”

“अरे, ही माझी बायको आहे!”

“होंगी साब। कागज में तो आपके खिलाफ हैं।”

अंबिकाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. सदतीस वर्षं या घरात येणारं प्रत्येक पत्र ‘भय्यासाहेब पोतनीस यांस’ येई, आणि शेवटच्या ओळीत ‘सौ. वहिनींस नमस्कार’ असे. या कागदावर मात्र पहिल्याच ओळीत त्यांचं स्वतःचं नाव होतं, माईंचं नाव होतं, आणि मग नवऱ्याचं. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. चपराशाला त्यांनी चहा दिला, वर सुलूने आणलेला चिवडाही दिला. तो कागद त्यांनी देवघरात माईंच्या फोटोमागे ठेवला.

पेशीच्या दिवशी बहिणी आणि जयू अजून उज्जैनलाच होते. ‘आता निकाल बघूनच जाऊ’ म्हणून त्यांनी मुक्काम वाढवला होता. अंबिकाबाईंचं नाव पुकारलं गेलं, तशा त्या पुढे झाल्या.

“आपके वकील?”

“नहीं साब। मैं खुद बोलूँगी।” त्यांनी पदर सावरला. “मेरी आई का बोळ पाँच फुट का है। हम भाई-बहन पाँच हैं। तो एक-एक का एक-एक फुट हुआ ना?”

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. “हिसाब तो ठीक है।”

“तो मेरा जो एक फुट है, वो मैंने आल्हाद के बूथ को दिया।”

विष्णूचे वकील ताडकन उठले. “हुजूर, एक फुट में तीन फुट का बूथ कैसे आएगा? और इनका हक अभी साबित कहाँ हुआ है?”

“वकीलसाहब,” न्यायाधीश फाइल चाळत म्हणाले, “पिछली पेशी पर आपने ही कहा था, बराबर की वारिस हैं। मैंने आपके ही शब्द लिखे हैं।”

वकील खाली बसले. तेवढ्यात मागच्या बाकावरून सुलू उभी राहिली. तिला कुणी पुकारलं नव्हतं, पण बडोद्याहून इतक्या लांब ती गप्प बसायला आली नव्हती.

“साब, मेरा भी एक फुट ताई को।”

“मेरा भी,” नंदा म्हणाली. “नोटिस में नाम है मेरा। उमर पैंतालीस।”

तीन बहिणींचे तीन फूट झाले. बूथ तीन फुटांचा. कोर्टात पुन्हा हसू उसळलं, आणि या वेळी शिरस्तेदाराने फाइल धरायचीही तसदी घेतली नाही. जयू म्हणाला, “मेरे वाले का जो करना है करो, मैं तो नागपुर में रहता हूँ।” सगळ्यांच्या माना विष्णूकडे वळल्या. त्याचा चेहरा अगदी एवढासा झाला होता. ज्या एक्क्यावर डाव जिंकायचा, तोच फिरून त्याच्या अंगावर आला होता.

“सगळ्या ताईच्याच बाजूने,” तो पुटपुटला. “मग माझ्या स्कूटरचं काय?”

अंबिकाबाई त्याच्याकडे वळल्या. त्या कोर्टात आहेत हे त्या विसरल्या असाव्यात, कारण पुढचं सगळं त्या घरच्यासारखं मराठीतच बोलल्या. “आमच्या अंगणात ठेव रे. रस्त्यावरच उघडतं ते. रोज पोट आत घेऊन घेऊन वाळलास नुसता. फाटकाची एक चावी तुझ्याकडे राहील. आणि सकाळी निघताना चहा पिऊन जा, माई गेल्यापासून तू उपाशी निघतोस, मला दिसतं खिडकीतून.”

विष्णूने रुमाल काढला आणि नाक शिंकरलं.

न्यायाधीशांनी नागर वकिलांकडून अर्थ समजून घेतला आणि तडजोड लिहायला सांगितली. बूथ राहणार, स्कूटर पोतनिसांच्या अंगणात राहणार. “और कोई शर्त?” त्यांनी विचारलं.

“एक है,” अंबिकाबाई म्हणाल्या. “दोनों घर में कोई भी गया, तो बूथ हटाना पड़ेगा। जैसे माई के टाइम हटाया था। सबको उसी बोळ से जाने का है।”

न्यायाधीशांनी तीही अट जशीच्या तशी लिहून घेतली. खाली सहा सह्या झाल्या. त्यात सगळ्यात सावकाश झालेली सही अंबिकाबाईंची होती, आणि कुणीही घाई केली नाही.

माघात आल्हादचं लग्न झालं. बूथवर नवीन पाटी लागली, ‘अंबिका एसटीडी पीसीओ’, पिवळ्यावर काळी अक्षरं. पुढची पाच-सहा वर्षं त्या डब्याने सगळ्यांना पोसलं. रविवारी सकाळी रांग चौकापर्यंत जाई. विष्णू स्कूटर काढायला येई, चहा पिई आणि रांग लांब असली तर तासभर आल्हादच्या जागी मीटरवर बसे. माणसं काचेआड उभी राहून परगावच्या मुलांना ‘जेवलास का’ विचारत, आकडा पळायला लागला की घाईघाईने ‘ठेवतो’ म्हणत आणि बाहेर येऊन पुन्हा आत जात, कारण मुख्य गोष्ट सांगायची राहिलेलीच असे. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. पण तशी घाई आणि तसा जिव्हाळा पुन्हा ऐकू आला नाही.

दोन हजार एकच्या फेब्रुवारीत जनगणना आली. शाळेतल्या एक तरुण बाई मोठा फॉर्म घेऊन अंगणात आल्या. भय्यासाहेबांनी त्यांना मोठ्या आदराने खुर्ची दिली, फॉर्म कसा धरायचा ते शिकवलं, साधूची गोष्ट सांगितली आणि मग चष्मा लावून सरसावून बसले.

“दादा, मुखिया का नाम?”

“लिखिए, अंबिका।”

“नहीं दादा, घर का मुखिया...”

“वही। उमर तिरसठ साल, दो महीने। पौष का जन्म है।” महिनासुद्धा त्यांनी बोटांवर मोजून सांगितला आणि स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली. आतलं भांड्यांचं वाजणं जरा थांबलं होतं. “फिर लिखिए, आल्हाद। फिर बहू, मृण्मयी। फिर पोती, तेजस्विनी, चार साल।”

“बस? कुल चार?”

“चार।”

“अहो,” आतून आवाज आला, “नीट मोजलंत का?”

“मोजलंय मी!” भय्यासाहेब चिडून म्हणाले. “तुझं नाव सगळ्यात वर घातलंय!”

अंबिकाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी एक कप बाईंपुढे ठेवला आणि दुसरा भय्यासाहेबांच्या हातात दिला.

“मॅडम, पाँच लिखिए,” त्या म्हणाल्या. “ये भी यहीं रहते हैं।”